जुन्या पानाचा सोर्स: 'पुढे' शब्द आला की मजकूर गायब आणि खाली सगळ्यावर आडवी रेघ

मुक्ता_नाशिक

नमस्कार मंडळी. तांत्रिक विभागात पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या.

माझे बाबा नोकरीत असताना सुट्टी मिळाली की डोंगरात. २००३ च्या सुमाराला त्यांनी गडांवरचे लेख लिहून काढले आणि गावातल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधल्या एका मुलाकडून संगणकावर घेतले. तो मुलगा तेव्हा वेब डिझाइनचा कसलासा कोर्स करत होता. त्यामुळे त्याने वर्डमध्ये न करता थेट नोटपॅडमध्ये 'वेबसाइटची पानं' बनवली आणि सीडीवर घालून दिली. वेबसाइट काही झाली नाही. आता ७६ व्या वर्षी बाबांना पुस्तक काढायचंय, आणि हस्तलिखितं वाळवीने केव्हाच खाल्ली. म्हणजे जे काय आहे ते सीडीवर.

पानं क्रोममध्ये उघडली तर इंग्रजी अक्षरांची खिचडी. एका डीटीपीवाल्यांनी बघताक्षणी 'कृतिदेव ०१० टाका' म्हणून फॉन्ट दिला. तो टाकल्यावर मराठी दिसायला लागलं. इथवर उत्तम.

आता रतनगडाचा लेख घ्या. दुसऱ्या परिच्छेदात वाक्य मध्येच तुटतं. पडद्यावर अक्षरशः असं येतं: 'देवळापासून थोडे पुाले.' पु ला काना! आणि त्या कान्यापासून लेखाच्या शेवटापर्यंत प्रत्येक ओळीवर आडवी रेघ, मास्तरांनी खोडल्यासारखी. अधूनमधून आणखीही वाक्यं गायब आहेत. बाबांचं म्हणणं, त्या पोराने मुद्दाम खोडलं, कारण त्याचे थोडे पैसे द्यायचे राहिले होते.

भाचा म्हणाला सोर्स बघ, म्हणजे पानामागचं मूळ लिखाण. कंट्रोल आणि यू दाबलं, नवी टॅब उघडली. तिथे सगळं इंग्रजी अक्षरांत, मला काही वाचता येईना. पण एक दिसलं: पानावर आहे त्यापेक्षा सोर्समध्ये मजकूर बराच जास्त आहे. काही ओळी काळ्या आहेत, तर काही जांभळ्या-तपकिरी. टॅबवर लेखाचं नाव म्हणून जे, आर, यू, एक्स आणि मोठा एम एवढंच येतं.

मजकूर आहे तर दिसत का नाही? आणि ही रेघ कशाची?

सह्यवेडा

सीडी गेली असेल. वीस वर्षं म्हणजे खूप झाली. फाईल करप्ट. रिकव्हरीवाल्याकडे न्या.

बाकी रतनवाडीतून चढलात का बाबा? अमृतेश्वराचं देऊळ आणि वरचं नेढं (कातळातलं आरपार भोक), दोन्ही लेखात असणार. टाका इथे, वाचू.

मुक्ता_नाशिक

रतनवाडीच. पण फाईल करप्ट नसावी. प्रत्येक लेखात तोच प्रकार आहे आणि दर वेळी 'पुढे', 'चढाई', 'ओढा' असल्याच शब्दांपाशी.

भाऊ_सांगली

एवढा विचार कशाला करताय? सोर्स दिसतोय ना? कंट्रोल ए, कंट्रोल सी, आणि कृतिदेव ते युनिकोड कन्व्हर्टरमध्ये टाका. फुकट मिळतात ढिगाने. दोन मिनिटांचं काम.

मुक्ता_नाशिक

भाऊ, टाकलं. गायब झालेली वाक्यं परत आली, तोंडभरून आभार! पण आता प्रत्येक परिच्छेदाच्या आधी 'ढचझ' आणि शेवटी 'ढध्चझ' असं आलंय. मधेमधे 'ढइतझ'. बाबा विचारतायत ही कुठली भाषा.

खिळेजुळारी

'ढचझ' वाचलं आणि चहा नाकात गेला.

ताई, मी पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात बरीच वर्षं डीटीपी केलं. कृतिदेव अजूनही बोटांत आहे. तुमच्या टॅबवरचं जे, आर, यू, एक्स, मोठा एम म्हणजे 'रतनगड'. टॅबवरचं नाव ब्राउझर स्वतःच्या फॉन्टात लिहितो, तिथे कृतिदेव लागू होत नाही, म्हणून ते उघडं पडलंय.

आधी हे लक्षात घ्या की त्या फाईलमध्ये मराठीचं एकही अक्षर नाही. आहेत ती इंग्रजीच. फॉन्ट फक्त त्यांना मराठी चित्रं चिकटवतो. ई या कळेला म चं चित्र, जे ला र चं, के ला काना, मोठ्या बी ला ठ, एच ला दुसरी वेलांटी. ई, जे, के, मोठा बी, एच बडवलं की पडद्यावर 'मराठी'. सोर्सच्या टॅबमध्ये हा फॉन्ट लागत नाही, म्हणून तिथे नागडी अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक प्रमाण यादीत, देवनागरीला १९९१ पासून स्वतःच्या जागा आहेत, पण तुमच्या त्या इन्स्टिट्यूटमध्ये बहुतेक विंडोज ९८ असणार, त्यात देवनागरीचा पत्ताच नव्हता. मंगल फॉन्ट आला तो विंडोज २००० बरोबर. शिवाय टायपिंगची परीक्षा रेमिंग्टनवर, म्हणजे टाइपरायटरच्या जुन्या कळपट्टीवर, आणि कृतिदेवची कळपट्टीही रेमिंग्टनचीच. त्या मुलाच्या बोटांना जे येत होतं ते त्याने केलं.

आता खरी मेख. मराठीला लागणारी चित्रं जास्त आणि कळा कमी. म्हणून विरामचिन्हांच्या कळांवरही अक्षरं बसवावी लागली. अर्धविरामावर य. तिरप्या रेघेवर अर्धा ध. बंद होणाऱ्या चौकटी कंसावर स्वल्पविराम. आणि शिफ्ट धरून स्वल्पविराम दाबला की ढ, शिफ्ट धरून पूर्णविराम दाबला की झ.

त्या दोन कळांवर छापलेलं काय असतं ते कीबोर्डवर बघा. ते दोन कोनी कंस! एचटीएमएल ही वेबपानं लिहायची भाषा, तिचा सगळा संसार त्या दोन कंसांवर चालतो. उघडणारा कंस आला की ब्राउझर समजतो टॅग, म्हणजे त्याच्यासाठीची सूचना, सुरू झाला, बंद होणारा आला की संपला. टॅगच्या आतलं तो पानावर दाखवत नाही. म्हणजे तुमच्या बाबांनी ढ लिहिला की ब्राउझर दार लावून घेतो, आणि पुढचा झ येईपर्यंत उघडत नाही. मध्ये झ आला नाही तर परिच्छेद संपवणाऱ्या खऱ्या टॅगच्या कंसापर्यंत सगळं गिळतो.

'पुाले' चा उलगडा असा: 'पु' आहे 'पुढे' मधला, आणि 'ाले' आहे कुठल्यातरी 'झाले' मधला. मधली वाक्यं पोटात. गडाच्या लेखात चढाई, ओढा, ढग, नेढे यांची रेलचेल, त्यामुळे दुष्काळ पडणारच. भावगीतांवर लेख असता तर थोडक्यात निभावलं असतं.

आणि 'ढचझ'? तो परिच्छेदाचा टॅग: कंस, पी, कंस. पी म्हणजे च. कन्व्हर्टरने तो इमानदारीत मराठी करून दिला. 'ढइतझ' हा ओळ तोडण्याचा टॅग, बी म्हणजे इ आणि आर म्हणजे त. भाऊंचा उपाय बरोबर दिशेने होता, एक पायरी राहिली. फाईलची प्रत काढा, सोर्समधला मजकूर नोटपॅडमध्ये घ्या, आणि कन्व्हर्टरला देण्याआधी खरे टॅग शोधून पुसा. त्या मुलाने जास्तीत जास्त सात-आठ प्रकारचे वापरले असतील. परिच्छेदाच्या टॅगच्या जागी रिकामी ओळ टाका म्हणजे परिच्छेद शाबूत राहतील. ते पुसल्यावर जो कोनी कंस उरेल तो हमखास ढ नाहीतर झ. मग खुशाल कन्व्हर्टर चालवा. 'ढचझ' असा शब्द मराठीत नाही, त्यामुळे चुकून खरा मजकूर पुसला जाण्याची भीती नाही.

आडवी रेघ का येते ते मात्र मला सांगता यायचं नाही. ते कोडग्याला विचारा, रात्री उगवतो तो.

मुक्ता_नाशिक

काका, दंडवत. बाबांना वाचून दाखवलं. त्या मुलावरचा आरोप मागे घेतलाय, पैसे अजून दिलेले नाहीत.

मध्यंतरी भाच्याने वेगळंच सुचवलं. पानावर उजवी टिचकी मारून 'इन्स्पेक्ट' घ्यायचं, तिथे टॅग आधीच वेगळे पाडलेले असतात, हवं तेवढंच उचलता येतं. ते करून बघितलं. 'पु'च्या नंतर खरंच एक टॅग दिसतो, त्याचं नाव नुसतं एस, आणि त्याच्या पोटात बाबांचे सगळे शब्द एकेक करून, प्रत्येकापुढे बरोबरचं चिन्ह आणि रिकामी अवतरणं. अवतरणं काढून तो मजकूर कन्व्हर्टरला दिला तर 'गड'चा 'गउ' झाला, 'टाके'चं 'आके', 'शेवाळलेले'चं 'शेवाहलेले'. 'धोंडे' मधला ध नाहीच. आणि बाबा शपथेवर सांगतायत की त्या परिच्छेदात 'आणि' दोनदा होतं, इथे एकदाच आहे.

सोर्समधून घेतलं तेव्हा असं झालं नव्हतं. दोन्ही एकाच पानाचं ना?

कोडगा

उगवलो.

दोन्ही एकाच पानाचं, पण एक गोष्ट नाही. व्ह्यू सोर्स म्हणजे फाईलमध्ये किंवा सर्व्हरकडून जे आलं ते जसंच्या तसं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. इन्स्पेक्ट म्हणजे ब्राउझरने ते वाचून स्वतःपुरती जी रचना उभी केली ती. उभी करताना तो दुरुस्त्या करतो: न मिटलेले टॅग मिटवतो, जावास्क्रिप्टने काही बदललं असेल तर तेही त्यात धरतो. आजकालच्या पुष्कळ साइटवर सोर्समध्ये जेमतेम सांगाडा असतो आणि सगळा मजकूर फक्त इन्स्पेक्टमध्ये सापडतो. तुमच्याकडे नेमकं उलटं झालंय.

तुमचे पाचही नमुने एकेक करून घेतो, कारण असं उदाहरण मला शिकवायला कधी मिळालं नव्हतं.

टॅगचं नाव झाल्यावर मोकळी जागा सोडून जे शब्द येतात ते ब्राउझरच्या लेखी त्या टॅगचे गुणधर्म, म्हणजे ॲट्रिब्यूट. बाबांचा प्रत्येक शब्द एक ॲट्रिब्यूट झाला, किंमत नसलेला, म्हणून पुढे रिकामी अवतरणं. ॲट्रिब्यूटच्या नावात एचटीएमएल लहान-मोठं अक्षर मानत नाही, वाचतानाच सगळं लहान करून टाकतं. इंग्रजीत त्याने काही बिघडत नाही. कृतिदेवमध्ये मोठा एम म्हणजे ड आणि लहान एम म्हणजे उ. झाला गडाचा गउ. मोठा व्ही ट, लहान व्ही अ, त्याला काना लागून टाके चं आके. मोठा जी ळ, लहान जी ह, म्हणून शेवाळाचं शेवाह.

ध गेला कारण तिरपी रेघ. टॅगच्या आत ती सापडली की ब्राउझर तिला विभाजक समजून सोडून देतो. आणि एकाच टॅगवर त्याच नावाचा ॲट्रिब्यूट दुसऱ्यांदा आला तर दुसरा फेकून द्यायचा असा नियमच आहे. तुमचा दुसरा 'आणि' असा गेला. बाबांची स्मरणशक्ती ठणठणीत आहे.

म्हणून या कामाला इन्स्पेक्ट बाद. सोर्सच धरा.

आता आडवी रेघ. उघडणाऱ्या कंसाला लागून इंग्रजी अक्षर आलं तरच ब्राउझर टॅग सुरू झाला असं मानतो, आणि मोकळी जागा येईपर्यंतची अक्षरं म्हणजे त्या टॅगचं नाव. 'ओढा' मध्ये ढ नंतर काना, म्हणजे के. के नावाचा टॅग अस्तित्वात नाही, ब्राउझर मुकाट्याने पुढे जातो. मजकूर गायब, पण रेघ नाही. 'पुढे' मध्ये ढ नंतर मात्रा. कृतिदेवमध्ये एक मात्रा म्हणजे एस. आणि एस नावाचा टॅग एचटीएमएलमध्ये खराखुरा आहे, मजकुरावर काट मारण्याचा! तो कुणी मिटवतच नाही, कारण त्या मुलाला तो उघडलाय हेच माहीत नव्हतं. असले टॅग परिच्छेद बदलला तरी मागोमाग येतात, म्हणून रेघ शेवटपर्यंत.

पडताळून बघा. 'पुढे', 'नेढे', 'एवढे' यांच्यानंतर मोकळी जागा असेल तर रेघ. 'पुढे' नंतर स्वल्पविराम किंवा 'पुढेही' असेल तर टॅगचं नाव वेगळं होतं, रेघ नाही, नुसता मजकूर जातो. आणि 'ओढ्यात', 'तेवढ्यात' असले जोडाक्षरवाले शब्द सुखरूप दिसत असतील, कारण तिथे ढ नंतर साधं इंग्रजी अक्षर येत नाही.

सोर्समधले ते रंग याच्याचसाठी. क्रोममध्ये टॅगचं नाव जांभळं, ॲट्रिब्यूट तपकिरी, पानावर दिसणारा मजकूर काळा. बाबांचे शब्द तपकिरी आहेत तिथे ते गिळले गेलेत. सोर्स न वाचता नुसते रंग बघत खाली जा, किती ठिकाणी नुकसान झालंय ते कळेल. फायरफॉक्समध्ये उघडलात तर आणखी सोपं, तो गडबडीची जागा तांबडी करतो आणि माउस नेला की इंग्रजीत तक्रारही सांगतो.

फळा_खडू

धागा मस्तच. विषयाला फाटा फोडतोय, माफी असावी.

मी शाळेत शिकवतो. आमच्याकडे एका मुलाने शाळेच्याच साइटवर कंट्रोल यू दाबून बघितलं तर सहकाऱ्यांनी 'हॅकिंग करतो' म्हणून त्याला उभं केलं. एका दुसऱ्या साइटवर तर उजवी टिचकीच बंद करून ठेवलीय. सोर्स बघणं हे चोरून बघणं आहे का?

कोडगा

गुरुजी, सोर्स तुमच्या ब्राउझरकडे आधीच पोचलेला असतो. तो पोचला नाही तर पान दिसणारच नाही. तुम्ही फक्त आलेलं पत्र उलटून बघता.

हा वाद अमेरिकेत फार वरपर्यंत गेला होता. २०२१ च्या ऑक्टोबरात मिसूरी राज्यात सेंट लुइस पोस्ट-डिस्पॅच या वर्तमानपत्राच्या बातमीदाराला राज्याच्या शिक्षण खात्याच्या साइटवर, पानांच्या सोर्समध्ये, शिक्षकांचे सोशल सिक्युरिटी नंबर सापडले. आपल्याकडे आधार क्रमांक जपायचा तसला तो आकडा. त्याने आधी खात्याला कळवलं, पान बंद झाल्यावर बातमी दिली. तरी तिथले गव्हर्नर माइक पार्सन यांनी त्याला हॅकर ठरवलं आणि खटल्याची भाषा केली. २०२२ च्या फेब्रुवारीत सरकारी वकिलाने आरोप ठेवायला नकार दिला. दोष खिडकीतून बघणाऱ्याचा की तिथे तिजोरी मांडणाऱ्याचा, ते मुलांना विचारा, नीट उत्तर देतील.

त्या मुलाला सांगा, आम्ही जिओसिटीजच्या, म्हणजे फुकट वेबपानं मिळायची त्या काळात एचटीएमएल असंच शिकलो. एखादं पान आवडलं की सोर्स उघडायचा, टेबल कसं केलंय बघायचं, आपल्या पानात बसवून बघायचं. त्या बिचाऱ्याला शाबासकी द्यायची सोडून उभं काय करताय.

उजवी टिचकी बंद असली तरी कंट्रोल यू बहुधा चालतं. तेही अडवलं असेल तर पत्त्याच्या पट्टीत पत्त्याच्या आधी व्ह्यू, जोडरेघ, सोर्स, कोलन असं इंग्रजीत सलग टाइप करा आणि एंटर. अँड्रॉइड मोबाईलवरच्या क्रोममध्येही हेच करतात, तिथे कंट्रोल कुठून आणणार. मॅकवर क्रोममध्ये ऑप्शन, कमांड आणि यू. शाळेच्या संगणकावर व्यवस्थापकाने ही सोय बंद ठेवलेली असू शकते, तो भाग वेगळा.

एक मात्र मुलांना जरूर शिकवा. इन्स्पेक्टमध्ये आकडे बदलून निकालाच्या पानावर ५२ चे ९२ करता येतात. ते फक्त आपल्या पडद्यापुरतं, पान परत उघडलं की ५२. पण तेवढ्यात स्क्रीनशॉट काढून घरी पाठवणारे महाभाग आहेत. गुणपत्रिकेचा स्क्रीनशॉट कुणी दाखवला तर आसनक्रमांक घालून निकाल स्वतः उघडून बघावा.

सह्यवेडा

माझ्याकडेही एक जुनी मराठी फाईल आहे. सोर्समध्ये इंग्रजी ए च्या डोक्यावर तिरपी रेघ आणि पुढे चार टोकांचा बारका गोल, हेच परत परत. हेही कृतिदेव?

कोडगा

नाही, तुमचा आजार साधा. ते अस्सल युनिकोड आहे, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचलं जातंय. यूटीएफ-८ म्हणजे युनिकोड साठवायची पद्धत, तिच्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं असतं आणि पहिला बाइट कायम तोच, म्हणून तोच ए पुन्हा पुन्हा दिसतो. पानाच्या डोक्यात चारसेट यूटीएफ-८ लिहिलेला मेटा टॅग टाका, किंवा फायरफॉक्सच्या मेनूत 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' दाबून बघा. फॉन्ट-बिंट काही लागणार नाही.

आणि सोर्समध्ये अँपरसँड (इंग्रजीतलं 'आणि'चं चिन्ह), हॅश आणि आकडे, म्हणजे २३५०, मग २३५२, असं दिसलं तर तेही युनिकोडच. २३५० म्हणजे म, २३५२ म्हणजे र. ब्राउझर ते आपोआप नीट दाखवतो.

मुक्ता_नाशिक

रतनगड सुटला! काकांच्या सांगण्याप्रमाणे खरे टॅग पुसले. परिच्छेद, ओळ तोडणं, फॉन्ट, ठळक आणि वरचे दोन-चार, बस. मग कन्व्हर्टर. हा घ्या तो गिळलेला तुकडा, सह्यवेडांनी मागितला होता:

'देवळापासून थोडे पुढे गेल्यावर ओढा आडवा आला. पाणी गुडघाभर आणि धोंडे शेवाळलेले. पिण्याचे टाके वर, गड ढगात, आणि इथे पाणीच पाणी. दोर बांधून पलीकडे जाईपर्यंत सगळे ओले झाले.'

'आणि' दोनदा आहे. बाबा ते वाक्य सगळ्यांना दाखवत फिरतायत.

आता हरिश्चंद्रगड. हा लेख त्या मुलाने केलेला नाही, नंतर दुसऱ्या कुणीतरी कसल्याशा सॉफ्टवेअरमध्ये केला. पानावर अगदी व्यवस्थित दिसतो, एक शब्द गायब नाही. पण काकांच्या पद्धतीने सोर्समधून घेऊन कन्व्हर्टरला दिला तर 'पुढे' च्या जागी 'पु-सजये' आणि 'झाले' च्या जागी '-हजयाले'. तारामती, कोकणकडा, केदारेश्वराची गुहा, सगळीकडे हा सजय आणि हजय हात धुऊन मागे लागलेत. हे कोण आता?

खिळेजुळारी

हे दोघे शहाण्या सॉफ्टवेअरची पोरं, ताई.

त्या सॉफ्टवेअरला माहीत होतं की मजकुरात कोनी कंस उघडा ठेवायचा नसतो. म्हणून त्याने ढ च्या जागी अँपरसँड, एल, टी, अर्धविराम लिहिलं, आणि झ च्या जागी अँपरसँड, जी, टी, अर्धविराम. ब्राउझर ते वाचून पानावर कंस दाखवतो, फॉन्ट त्याचा ढ करतो, सगळं बिनबोभाट. पण सोर्समध्ये ती चार चिन्हंच राहतात, आणि कन्व्हर्टरला अक्कल नाही. कृतिदेवमध्ये अँपरसँड म्हणजे जोडरेघ, एल म्हणजे स, टी म्हणजे ज, अर्धविराम म्हणजे य. झाला '-सजय'. जी म्हणजे ह, म्हणून दुसरा '-हजय'.

या लेखाला सोर्सच्या वाटेला जाऊ नका. पान जसं दिसतंय तसंच, पानावरूनच सगळं निवडून कॉपी करा आणि कन्व्हर्टरला द्या. टॅग पुसायची भानगडही नाही. फाईल त्या पोराची असेल तर सोर्समधून, सॉफ्टवेअरची असेल तर पानावरून. कुठली कशी ते ओळखायला सोर्समध्ये अँपरसँड-एल-टी शोधा.

मग दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून तपासा. एक रफार. कृतिदेवमध्ये रफार अक्षराच्या नंतर टाइप होतो, 'मार्ग' म्हणजे ई, के, एक्स आणि मोठा झेड. कन्व्हर्टर त्याला उचलून ग च्या आधी नेतो, पण वेलांटी किंवा अनुस्वार मध्ये आला की काही कन्व्हर्टर अडखळतात. दुसरं, हे कन्व्हर्टर बहुतेक हिंदी समोर ठेवून केलेले, त्यामुळे 'ऱ्या' आणि 'ॲ' हाताने बघावे लागतील. भंडारदऱ्याचा भंडारदर्या करून ठेवतील, आणि तुमच्या बाबांच्या लेखात तो जागोजागी असणार. जतन करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा.

छपाईला द्यायच्या आधी एकदा सगळं मोठ्याने वाचून घ्या. बाबांनाच वाचू द्या, ते चूक सोडणार नाहीत असं दिसतंय.

मुक्ता_नाशिक

पानावरून घेतलं, सजय-हजय गेले. भंडारदर्या नऊ ठिकाणी निघाला. राजगड आणि नाणेघाट त्या मुलाच्याच फाईली आहेत, आज रात्री टॅग पुसायला बसते.